जॉब कार्डावरची ब्रेकची ओळ

गाडीवर होणाऱ्या खर्चांत ब्रेकचा खर्च असा आहे, की त्याला नकार देताना आपण पैसे वाचवतो आहोत की कुणाचा जीव पणाला लावतो आहोत, हे त्या क्षणी आपल्यालाच नीट सांगता येत नाही. एसीची सफाई नको, बाहेरचे पॉलिश नको, असे आपण सहज म्हणून जातो. पण सर्व्हिस ॲडव्हायझर फोनवर "ब्रेकचं काम सुचवलंय, सेफ्टीचा प्रश्न आहे" असे म्हणाला की उत्तर घशाशी अडते, कारण मागच्या सीटवर कोण बसते हे आपल्याला ठाऊक असते. अशा वेळी कुणी काही न विचारता "करून टाका" म्हणतो, तर कुणी "हे लोक नेहमीच काही ना काही काढतात" असे म्हणून जॉब कार्डावरची, म्हणजे वर्कशॉपने लिहिलेल्या कामांच्या यादीतली, ती ओळ खोडायला लावतो. मला ही दोन्ही उत्तरे सारखीच अपुरी वाटत आली आहेत. पहिल्यात निर्णय भीती घेते, दुसऱ्यात संशय घेतो, आणि गाडीच्या चाकामागे प्रत्यक्षात काय स्थिती आहे याचा विचार दोहोंतही झालेला नसतो.

डीलरचा यात आर्थिक हितसंबंध असतो, हे उघडच आहे. वर्कशॉप चालते ते कामांवर, आणि अनेक ठिकाणी सर्व्हिस ॲडव्हायझरची कामगिरीही त्याने किती काम मिळवले यावरून जोखली जाते. परंतु सांगणाऱ्याचा फायदा आहे एवढ्यावरून सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाही. दाताच्या डॉक्टरांनाही कीड काढण्याचे पैसे मिळतात, म्हणून कीड नाहीशी होत नाही. शिफारस करणाऱ्याच्या मनात काय आहे हे शोधत बसण्यापेक्षा शिफारशीमागे आपल्या गाडीचे कोणते मोजमाप आहे हे विचारणे अधिक फलदायी असते, असे माझे ठाम मत झाले आहे. मात्र ब्रेकमधल्या सगळ्याच गोष्टी मोजून ठरवता येत नाहीत, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिच्यावर दाबले जाणारे पॅड झिजतात, त्यांचा निर्णय मिलिमीटरवर व्हावा. ब्रेक ऑइल न झिजता जुने होते, त्याचा निर्णय तारखेवर व्हावा. आणि सरकणारे भाग अडकतात, त्यांचा निर्णय चाक उतरवून पाहिल्याशिवाय होऊच शकत नाही. "ब्रेक सर्व्हिस" या एका नावाखाली ही तिन्ही कामे एकत्र बांधून दिली जातात, आणि त्यामुळे आपणही सगळे घ्यायचे किंवा सगळे नाकारायचे अशा पेचात सापडतो.

ब्रेक करतो काय, तर गाडीच्या वेगाची उष्णता करतो. बाराशे किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असताना तिच्यात सुमारे ४६३ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. तेवढ्या उष्णतेने जवळजवळ १.४ लिटर साधे पाणी उकळीला येईल. गाडी एकदा पूर्ण थांबवताना यातला मोठा भाग चार चाकांमागच्या धातूत आणि पॅडमध्ये जातो, आणि थांबताना वजन पुढे झुकत असल्यामुळे पुढच्या दोन चाकांच्या वाट्याला त्यातला अधिक हिस्सा येतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी ५० किलोमीटरवर हाच आकडा एक चतुर्थांश होतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे पॅड इतक्या वेगळ्या काळात का संपतात, त्याचे उत्तर बरेचसे इथे आहे. मोकळ्या रस्त्यावर पुढचे पाहून आधीच पाय काढणारा चालक आणि दर सिग्नलला शेवटच्या क्षणी ब्रेक दाबणारा चालक यांच्या गाड्यांना "इतक्या किलोमीटरला पॅड बदला" हा एकच नियम लावता येत नाही.

म्हणून पॅडविषयी माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: किती मिलिमीटर उरले आहेत? नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारणपणे १० ते १२ मिलिमीटर असतो, आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलावा असे बहुतेक मेकॅनिक सांगतात. आपल्या गाडीची नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. या प्रश्नाला अनेकदा टक्क्यांत उत्तर मिळते, आणि टक्क्यांवर मी विसंबत नाही. समजा नवा थर ११ मिलिमीटर होता आणि आता ६ उरला आहे. धातूपर्यंतचा हिशेब धरला तर पॅड ४५ टक्के झिजले; ३ मिलिमीटरच्या मर्यादेपर्यंतचा धरला तर तेच पॅड ६२ टक्के झिजले. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ऐकणाऱ्यावर त्यांचा परिणाम फार वेगळा होतो. याच्या उलट दिशेचा घोटाळाही संभवतो, आणि तो जास्त धोक्याचा आहे: घर्षणाचा थर ज्या पोलादी पट्टीवर चिकटवलेला असतो ती काही मिलिमीटरची पट्टीही मापात धरली गेली, तर संपत आलेला पॅडही चांगला भरलेला वाटतो. म्हणून माप कोणत्या थराचे घेतले, हेही विचारावे.

एकदा माझ्या गाडीच्या जॉब कार्डावर पुढचे पॅड "६० टक्के झिजलेले, बदलणे आवश्यक" असे लिहून आले होते. मी मिलिमीटर विचारले, तेव्हा पुन्हा माप घेतले गेले आणि थर ६ मिलिमीटर निघाला. पॅड तसेच ठेवून पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा मोजायचे ठरले, आणि त्यात कुणी वाईटही वाटून घेतले नाही. पण दुसऱ्या एका वेळी हाच प्रश्न मला नेमका उलट्या निष्कर्षाला घेऊन गेला. अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून पाहिले तर बाहेरचा पॅड जाड दिसत होता, आणि काही काम निघेल असे मला वाटत नव्हते. मेकॅनिकने चाक उतरवून कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड, सोडवला आणि दोन्ही पॅड काढून कापडावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरच्या पॅडचा थर ७ मिलिमीटर होता. आतल्या पॅडचा जेमतेम ३, आणि तोही एका टोकाला तिरका खालावलेला. कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन त्याने बोटांनी ओढून पाहिली, ती हलली नाही. पक्कडीने फिरवत बाहेर काढली तेव्हा तिच्यावरचे ग्रीस सुकून तपकिरी पापुद्र्यासारखे झाले होते आणि रबरी टोपीला चीर गेली होती. त्या चिरेतून पाणी आत गेले, पिन गंजली आणि कॅलिपर सरकायचा थांबला, त्यामुळे पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच सारा भार घेत राहिला. हे सगळे बाहेरून दिसण्यासारखे नव्हते. त्या दिवशी डीलरची शिफारस पूर्णपणे योग्य होती.

हे पाहिल्यापासून "ब्रेकची सफाई आणि ग्रीसिंग" या कामाकडे मी अधिक आदराने पाहतो, कारण ते उगाच बिलात वाढवलेले काम आहे असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. आज बहुतेक साध्या गाड्यांत एकाच बाजूला पिस्टन असलेला सरकता कॅलिपर असतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्याच प्रतिक्रियेने कॅलिपरचे संपूर्ण अंग पिनांवरून मागे सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढते. ही सरकण्याची क्रिया मोकळी राहिली तरच दोन्ही पॅड सारखे झिजतात आणि पाय उचलल्यावर डिस्क मोकळी होते. नीट केलेल्या कामात चाक उतरते, पॅड बाहेर येतात, ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे बसतात तिथला गंज घासून काढला जातो, पिना पुसून त्यांना उष्णता सहन करणारे आणि रबराला अपाय न करणारे ग्रीस लावले जाते, आणि रबरी टोप्या तपासल्या जातात. साधे खनिज तेलाचे ग्रीस तिथे चालत नाही, कारण त्याने रबर फुगते. चाक न उतरवता बाहेरून स्प्रे मारणे ही सफाई नव्हे, आणि तिचे पैसे देऊ नयेत. हवेच्या झोताने ब्रेकची धूळ उडवणेही गैर आहे. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत असत, आणि ही धूळ कुणाच्याही श्वासात जाऊ नये. हे काम किती वेळाने करावे, ते गाडी कुठे राहते यावर ठरते. पाऊस, चिखल, खारी हवा, थंड प्रदेशात रस्त्यावर पसरतात ते मीठ यांत वावरणाऱ्या गाडीला ते वर्षातून एकदा लाभते. कोरड्या हवेत रोज चालणाऱ्या गाडीला इतक्या वेळा लागेलच असे नाही. तिथे चाक उतरलेलेच असेल तेव्हा पिन हलवून पाहणे पुरते.

विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत हा हिशेब उलटा होतो. वेग कमी करताना मोटरच जनरेटरचे काम करून बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत पाठवते, त्यामुळे पॅड फार हळू झिजतात आणि मालकाला वाटते की ब्रेककडे पाहायलाच नको. परंतु न वापरलेली डिस्क गंजते, पॅड ब्रॅकेटमध्ये रुतून बसतात आणि पिना जाम होतात. अशा गाडीला नवे पॅड सुचवले तर माप मागावे, आणि सफाई सुचवली तर बहुधा होकार द्यावा.

आता ब्रेक ऑइलकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते आणि लोक सर्वांत जास्त टाळतात तेही तेच. पॅड संपत आला की करकरतो; अनेक पॅडवर एक छोटी पोलादी पट्टी मुद्दाम बसवलेली असते, जी थर खालावला की डिस्कला घासून कर्कश आवाज करते. ऑइल असा कोणताही इशारा देत नाही. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल प्रकारातले असते आणि ते हवेतले पाणी शोषते. टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतून ओलावा सावकाश आत झिरपतो, गाडी चालली काय आणि उभी राहिली काय. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो किमान १५५ अंश असावा असे मानक सांगते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. रोजच्या रहदारीत कॅलिपर इतके तापत नाहीत, त्यामुळे जुन्या ऑइलवर गाडी वर्षानुवर्षे व्यवस्थित थांबते आणि मालकाची खात्री होते की काही बिघडलेले नाही. मग एखाद्या दिवशी गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असते, लांब घाट उतरायचा असतो, पाय सतत ब्रेकवर असतो, आणि कॅलिपरपाशी ऑइलची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पॅडल खाली जाते आणि चाकाशी काही पोचत नाही.

याच कारणाने ब्रेक ऑइल बदलण्याची शिफारस मी मापाशिवायही मान्य करतो, फक्त ती मॅन्युअलमधल्या मुदतीला धरून असावी. अनेक उत्पादक दोन वर्षांची मुदत देतात, काही तीन वर्षांची. किलोमीटर कमी झाले म्हणून ही मुदत लांबत नाही, आणि किलोमीटर खूप झाले म्हणून दर सर्व्हिसिंगला ऑइल बदलायचेही कारण नाही. रंगावरून निर्णय करू नये. ताजे ऑइल मधासारखे पिवळसर असते आणि कालांतराने गडद होते हे खरे, पण गडद रंग पाण्याचे प्रमाण सांगत नाही. पाण्याचे प्रमाण दाखवणारे पेनासारखे उपकरण वर्कशॉपमध्ये असते. त्याचे माप मुख्यतः टाकीतल्या ऑइलचे असते आणि खाली कॅलिपरपाशी स्थिती त्याहून वाईट असू शकते, म्हणून उपकरणाने "बदला" म्हटले तर बदलावे, "चांगले आहे" म्हटले तरी मुदत मोडू नये. या कामाला आणखी एक बाजू आहे. ऑइलमध्ये गंजरोधक द्रव्ये असतात, ती काळाबरोबर संपत जातात, आणि मग ओलावा एबीएसच्या, म्हणजे कडक ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, झडपांपर्यंत पोचून त्या गंजवतो. एबीएसचे युनिट बदलण्याच्या खर्चापुढे ऑइल बदलण्याचा खर्च अगदीच क्षुल्लक आहे.

ऑइलचे काम कसे होते, हेही पाहण्यासारखे आहे. टाकीतले जुने ऑइल सिरिंजने ओढून घ्यायचे आणि वर नवे ओतायचे, याला ऑइल बदलणे म्हणत नाहीत. चारही चाकांच्या निपलमधून, म्हणजे ऑइल बाहेर काढण्याच्या छोट्या तोटीतून, जुने ऑइल निघून नवे दिसेपर्यंत ते काढावे लागते, आणि काही गाड्यांत एबीएसच्या आतले ऑइल काढण्यासाठी संगणकीय उपकरण जोडावे लागते. डबा सीलबंद असावा, कारण उघडून ठेवलेल्या डब्यातले ऑइलही ओलावा घेतच असते. टाकीतली पातळी खाली गेली म्हणून घरी वरून भर घालण्याची सवयही टाळावी. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे येतात आणि त्यांच्या मागची जागा भरायला ऑइल खाली उतरते, म्हणून हळूहळू उतरणारी पातळी बहुधा पॅडची झीज सांगत असते; झपाट्याने उतरणारी पातळी मात्र गळती सांगते, आणि तिच्यावर भर घालणे हा उपाय नाही.

डिस्कविषयी शिफारस आली तर दोन मापे मागावीत. डिस्कवर किंवा मॅन्युअलमध्ये तिची किमान जाडी दिलेली असते. मोजलेली जाडी तिच्याखाली गेली असेल तर बदलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि अगदी जवळ आली असेल तर नव्या पॅडबरोबर ती बदलणेच शहाणपणाचे, कारण नवे पॅड टिकतील तेवढा काळ ती टिकणार नाही. दुसरे माप डिस्कच्या डगमगीचे आणि जाडीतल्या असमानतेचे आहे. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग किंवा पॅडल थरथरत असेल, तर डिस्क वाकली असे सर्रास सांगितले जाते. बरेचदा ती वाकलेली नसते, तिच्या पृष्ठावर पॅडचा थर कमीजास्त चिकटलेला असतो किंवा ती ठिकठिकाणी कमीजास्त झिजलेली असते. डिस्क ज्याच्यावर बसते त्या हबवरचा गंज न काढता ती बसवली तरी हाच त्रास पुढे उभा राहतो. थरथर नसेल आणि जाडी पुरेशी असेल, तर केवळ पॅड बदलतो आहोत म्हणून लेथवर डिस्क कातून घ्यायला मी तयार होत नाही, कारण कातण्याने धातू कमी होतो आणि डिस्कचे उरलेले आयुष्य तेवढे घटते. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी दिसणारा पातळ गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये पुसला जातो. त्यावर काम सुचवले गेले तर ते निश्चितपणे नाकारावे. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर लायनरची, म्हणजे त्यांच्यातल्या घर्षणाच्या थराची, जाडी आणि हँडब्रेक किती खाच वर येतो एवढे विचारावे.

डीलरकडेच करायचे की बाहेरच्या चांगल्या मेकॅनिककडे, हा प्रश्न मला त्यामानाने दुय्यम वाटतो. पॅड बदलणे हे कोणत्याही जाणकार मेकॅनिकला येते. पण मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल, तर पिस्टन मागे घेण्यापूर्वी उपकरणाने तो सर्व्हिसच्या स्थितीत न्यावा लागतो. क्लॅम्पने जोर लावून पिस्टन दाबला तर आतली यंत्रणा मोडू शकते. असे उपकरण जिथे असेल आणि ते वापरणारा माणूस जिथे असेल, तिथे जावे. दोन्ही ठिकाणी जुने भाग परत मागावेत आणि नव्या भागांचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.

या सगळ्यासाठी एक वही किंवा फोनमधली एक टिपणी पुरते. दर वेळी चारही चाकांच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडचे माप, किलोमीटर आणि ऑइल बदलल्याची तारीख लिहावी. दहा हजार किलोमीटरच्या अंतराने घेतलेली दोन मापे ८ आणि ६.५ मिलिमीटर असतील, तर ३ मिलिमीटरपर्यंत पोचायला अजून सुमारे २३ हजार किलोमीटर आहेत. पातळ पॅड अधिक तापतात, म्हणून शेवटच्या टप्प्यात या हिशेबातून थोडे वजा करावे. वर्षाला आपली गाडी किती चालते हे आपल्याला माहीत असते, त्यामुळे ४ मिलिमीटरवर पॅड बदलायचे की थांबायचे, हे मग आपल्यालाच ठरवता येते. पुढची सर्व्हिसिंग वर्षाने असेल आणि मध्ये मोठा प्रवास असेल, तर ४ मिलिमीटरवर बदलण्यात मला काहीच वावगे वाटत नाही.

नवे पॅड बसवून गाडी ताब्यात घेतली, की जागेवरून हलवण्याआधी पॅडल काही वेळा दाबून ते घट्ट लागते याची खात्री करावी, कारण पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिल्या दाबाला पॅडल खोल जाऊ शकते. त्यानंतरचे काहीशे किलोमीटर शक्यतो कडक ब्रेक न लावता, मध्यम जोराने पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळू द्यावेत.

काही लक्षणे अशी आहेत की तिथे मापाची किंवा दुसऱ्या मताची वाट पाहू नये. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, चाकातून धातू घासल्याचा खरखरीत आवाज येत असेल, एकाच चाकाला जळका वास आणि झळ जाणवत असेल, तर त्याच दिवशी गाडी दाखवावी आणि तोवर शक्य तेवढी कमी चालवावी. आणि उभ्या गाडीत पॅडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली जात राहिले, किंवा ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही तसाच राहिला, तर ती गाडी वर्कशॉपपर्यंत चालवत नेऊ नये. टो करणारी गाडी बोलवावी.